कामाच्या दिवशी मधेच मन बसतं, तुमचंही असं होतं का?

ओसरी | २४ जुलै, दुपारी ३.५०

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. वय ४१. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. सगळं ठीक आहे. सांगण्यासारखं दुःख काही नाही, आणि म्हणूनच कुणाशी बोलायची पंचाईत होते.

आजचाच दिवस सांगते. सकाळी छान होते. डबे भरले, स्कूटरवर येताना पावसाची भुरभुर होती, तीही आवडली. अकरा-सव्वाअकरापर्यंत भराभर काम उरकलं. मग एका पुरवठादाराची बिलं पुढ्यात घेतली. नेहमीचंच काम आहे. बिलावरचा आकडा आणि जीएसटी पोर्टलवरचा आकडा ताडून पाहायचा, जुळला की पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची. सातव्या की आठव्या बिलावर हात थांबला. आकडा दिसत होता, पण डोक्यात शिरेना. एक्केचाळीस हजार तीनशे अठरा. चार वेळा वाचला. पेन्सिलीचं टोक कागदावर तसंच टेकलेलं, आणि त्याखाली काळा ठिपका मोठा मोठा होत गेलेला. मला रडू येत नव्हतं, राग नव्हता, झोपही नव्हती. कंदिलाची वात कुणीतरी खाली करावी तसं आत झालं होतं. काहीच नको.

दोन वाजता साहेबांनी साधं "ओसरीबाई, झालं का?" म्हणून विचारलं (खरं नाव घेऊनच हो), तर डोळे भरून आले. त्यांचा सूर अजिबात वाईट नव्हता.

परवाही हेच झालं होतं. आणि त्याच संध्याकाळी भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून बोलताना मी खळखळून हसत होते. मग दुपारची मी खरी की संध्याकाळची?

तुमचं असं होतं का? होतं तेव्हा काय करता? फक्त "सकारात्मक विचार करा" असं सांगू नका. ते करून झालंय.

---

चहाबाज | २४ जुलै, ४.०५

होतं. दर मंगळवारी. सोमवारी तरी सुट्टीनंतर माणसं भेटल्याचा उत्साह असतो, मंगळवारला काहीच नसतं.

---

हिंजवडी_सिग्नल | २४ जुलै, ४.२०

ताई, तो पेन्सिलीचा ठिपका वाचून थांबलो. माझ्याकडे पेन्सिल नाही, स्क्रीनवरचा कर्सर आहे. परवा अडीच ते तीन तो नुसता लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

आमच्याकडे सकाळी १० पासून एकामागून एक मीटिंगा. एक संपते न संपते तोवर दुसरी. मधे पाच मिनिटं मिळाली तरी मन आधीच्याच मीटिंगमधे अडकलेलं असतं. दुपारपर्यंत डोकं पिळून काढलेल्या फडक्यासारखं होतं. मी तरी याला मूड म्हणत नाही, हा सरळ थकवा आहे. फक्त हातपाय दुखत नाहीत म्हणून आपण त्याला थकवा म्हणायला कचरतो.

---

पिंपरीकर_काका | २४ जुलै, ५.१०

कुणाला वाईट वाटलं तर आधीच माफी मागतो, पण मनात आहे ते लिहितो.

मी ३४ वर्षं कारखान्यात काढली. भोंगा झाला की मशीनवर, भोंगा झाला की जेवायला. मूड हा शब्द आम्हाला ठाऊकच नव्हता. मन बसलं की उभं राहिलं हे बघायला सवड नव्हती. हल्ली माणूस स्वतःकडे फार बघतो, त्यातून हे होतं असं माझं स्पष्ट मत आहे. कामात हात घालावा, मन आपोआप मागून येतं.

---

अंगतपंगत | २४ जुलै, ५.२५

काका, हात घातलेलाच होता की. पेन्सिल कागदावर टेकलेली होती. मन मागून आलं नाही, हाच तर प्रश्न आहे ना?

---

पारंबी | २४ जुलै, ६.००

ओसरी, तुझ्याच वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना?

पाळीची तारीख आणि हे दिवस एकदा शेजारी शेजारी मांडून बघ. माझं तीन वर्षं असंच चाललं होतं. नवऱ्याशी भांडण, ऑफिसात डोळ्यांत पाणी, मुलीवर खेकसणं. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, असे दिवस आले की बारीक फुली मारायला लागले. तीन महिन्यांत दिसलं की सगळ्या फुल्या पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांतच आहेत. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत आभाळ मोकळं.

चाळिशीत पाळी पुढेमागे व्हायला लागते तेव्हा हे जास्त जाणवतं. बायकांच्या डॉक्टरांशी बोल, त्यावर उपाय असतात. मला निम्मं बरं तर फक्त कळल्यामुळे वाटलं. आता घरात सांगून ठेवते की हा आठवडा जरा सांभाळून घ्या.

---

मुक्काम_इचलकरंजी | २४ जुलै, रात्री ९.४०

काकांना आदरपूर्वक उत्तर देतो.

आमचे यंत्रमाग आहेत. वडील दुसऱ्यांच्या मागावर कामाला होते, नंतर स्वतःचे घेतले. कामगार एकावेळी चार-सहा माग बघतो. कानठळ्या बसतील असा आवाज, त्यात बोलणं शक्यच नसतं. माणसाचं मन कुठं आहे हे तिथं तोंडावर नाही, कापडावर दिसतं. ताण्याचा एक धागा तुटला आणि त्याच्या ध्यानात आलं नाही, तर कापडात उभी रेघ पडत जाते. वडील संध्याकाळी कापड उजेडासमोर धरायचे, रेघेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हितनं हितपर्यंत गडी हितं नव्हता." वीतभर असेल तर बोलायचे नाहीत. हातभर असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारायचे, "घरी काय हाय काय?"

बहुतेकदा काहीतरी असायचं. कधी काहीच नसायचं. पण विचारल्यावर दोन-चार दिवस रेघ यायची नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय.

काका, तुमच्या कारखान्यातही गड्यांची मनं बसतच असणार. उजेडासमोर धरून बघणारं कुणी नव्हतं, इतकंच.

---

चहाबाज | २४ जुलै, ९.५५

इचलकरंजी, दंडवत घ्या.

---

कॅश_काउंटर | २४ जुलै, १०.३०

+१. या प्रतिसादासाठी धागा वर राहायला हवा.

मी बँकेत आहे, अकोल्याला. संध्याकाळी कॅश जुळली नाही की त्या दिवशी दुपारी आपण कुठे होतो ते आम्हालाही कळतं. एकदा ५०० रुपये कमी आले, खिशातून भरले. दुपारी अडीचच्या सुमाराला एका आजोबांना पेन्शन देताना एक नोट जास्त गेली असणार. आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले होते. नोट रुमालात गुंडाळून आणली होती.

---

स्टेथो | २५ जुलै, सकाळी ७.१५

मी सांगलीत जनरल प्रॅक्टिस करतो. इथून निदान करणार नाही, पण रोज या तक्रारीचे चार पेशंट येतात म्हणून जे बघतो ते लिहितो. "डॉक्टर, काही होत नाही, पण काही करावंसंही वाटत नाही," असंच सांगतात.

पहिली गोष्ट, दुपारची घसरण ही शरीराच्या घड्याळाचा भाग आहे. साधारण १ ते ४ च्या दरम्यान सावधपणा कमी होतो. जेवण जड असेल तर जास्त, पण न जेवताही होतो. त्या घड्याळाची पेशीतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा दुपारी पेंगणारा माणूस आळशीच असतो हे मनातून काढून टाका.

दुसरी, ओसरीताई, तुमचं अकराच्या पुढे सुरू होतं. ही वेळ त्या घड्याळात नीट बसत नाही. म्हणून रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन (बायकांमधे १२ च्या खाली असेल तर कमी), थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२, डी जीवनसत्त्व आणि साखर. शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. ते मिळतं मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. चहात घातलेल्या चमचाभर दुधाला दूध म्हणू नये. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमधेही ते कमी होतं. त्याची लक्षणं हळूहळू येतात. थकवा, चिडचिड, विसरायला होणं, तळपायाला मुंग्या. माणसाला वाटतं आपला स्वभावच बदलला.

तिसरी, झोप. दहावीतल्या मुलाबरोबर तुम्हीही रात्री जागताय का?

---

ओसरी | २५ जुलै, सकाळी ८.०५

बापरे, इतके प्रतिसाद. सगळे वाचलेत, संध्याकाळी निवांत लिहिते.

डॉक्टर, हो. तो अभ्यासाला बसतो तेव्हा मी समोर बसते. साडेबारा होतात. पाचला उठते. हे मी कधी मोजलंच नव्हतं. शाकाहारी आहे. मुंग्या येतात, पण मला वाटायचं मांडी घालून बसल्यामुळे.

पारंबी, अगं-तुगंच कर.

---

खडूफळा | २५ जुलै, दुपारी १.३०

जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग आहे माझ्याकडे. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खातात आणि मग समोर बत्तीस डोळे असे होतात की पापण्यांवर दगड ठेवलेत. नवीन होते तेव्हा मी त्याच वेळेला गणित घ्यायचे आणि ओरडायचे. एक मुलगी म्हणाली, "बाई, मला येतंय, पण आता येत नाय." त्या वाक्यानं मला शिकवलं. आता दुपारी आम्ही गाणी म्हणतो, माती मळतो, अंगणात आखून बेरीज करतो. हातच्याचं गणित सकाळी.

आपणही तसंच करायला काय हरकत आहे? बिलं जुळवायचं काम सकाळी ९ ला, आणि फायली लावणं, फोन करणं हे त्या वेळेला. "येतंय, पण आता येत नाही" असं मोठ्या माणसाचंही असू शकतं.

---

हिंजवडी_सिग्नल | २५ जुलै, १.४०

"मला येतंय, पण आता येत नाय." हे मी मॅनेजरला पाठवणार आहे.

---

मांडवीकाठ | २५ जुलै, २.१०

अवांतर: आमच्या गोव्यात यावर कधीच तोडगा निघालाय. दुपारी एक वाजला की पणजीतली कितीतरी दुकानं बंद, उघडतात तीन-चारला. बाहेरचे लोक येऊन हसतात, मग आठवडाभर राहिले की स्वतःच दुपारी पाय पसरतात.

---

चहाबाज | २५ जुलै, २.१५

यात गोव्याचं कौतुक आणि पुण्याने तेच केलं की त्यावर विनोद? १ ते ४ वर आमचाही हक्क आहे.

---

अंगतपंगत | २५ जुलै, २.४५

आजी म्हणायची, जेवल्यावर शतपावली आणि मग वामकुक्षी. डाव्या कुशीवर पडायचं, झोपायचं नाही. ती बरोब्बर वीस मिनिटांनी उठायची, घड्याळ न बघता. आयुर्वेदात उन्हाळा सोडून दिवसा झोपू नये असं सांगितलंय ना? कुणी जाणकार असेल तर लिहा.

मी घरीच असते, नोकरी नाही. पण ही मरगळ मलाही येते, तीन वाजता. भांडी घासून झालेली, कपडे वाळत घातलेले, मुलं यायला तास आहे. घरातल्या बाईच्या कामाला 'वर्कडे' म्हणत नाहीत म्हणून तिची मरगळ कुणी मोजत नाही. आमच्या कामाला तर शनिवार-रविवारही नसतो.

---

रातराणी | २६ जुलै, पहाटे ४.२०

ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहिते. मी नर्स आहे. तुमची दुपार तशी आमची पहाट. तीन ते पाच. सलाइन बदलताना थेंब मोजत असते आणि मोजता मोजता एकदम वाटतं, हे सगळं कशासाठी. दिवसा हा विचार कधी मनात येत नाही. इतक्या वर्षांत एक कळलंय की पहाटे चारला आयुष्याबद्दल जे वाटतं त्यावर सही करायची नाही. सकाळी सातला पुन्हा विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर वेगळं येतं.

अंगतपंगत, आजी घड्याळ न बघता वीस मिनिटांत उठायची ते अगदी योग्य होतं. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोप लागते आणि उठल्यावर माणूस अजून जड होतो. आम्ही ब्रेकमधे गजर लावून पडतो.

आणि चार-पाच नंतर कॉफी नको. तिचा निम्मा अंमल पाचेक तास राहतो. रात्री झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच.

---

घाटमाथा | २६ जुलै, सकाळी १०.००

सगळे प्रतिसाद मायेने लिहिलेत. तरी मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना हात थोडे जड आहेत.

माझंही असंच सुरू झालं होतं. दुपारचं. मग सकाळचं. मग भाजीवालीशीही हसू येईना. मला क्रिकेट आवडायचं, तर सामना लावून मी भिंतीकडे बघत बसायचो. भूक गेली. चार महिने मी त्याला कंटाळा म्हणत राहिलो, कारण कंटाळा म्हणणं सोपं होतं. डिप्रेशन निघालं. औषधं आणि समुपदेशन, दोन्ही घेतलं. आज बरा आहे, कामावर आहे.

म्हणून फरक लिहून ठेवतो. दुपारी बसून संध्याकाळी उठणारं मन वेगळं. दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे सलग उदास वाटत असेल किंवा आवडीच्या गोष्टीतली गोडीच गेली असेल, तर थांबू नका. जगणं नको असा विचार आला तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. सरकारची टेलीमानस सेवा आहे, १४४१६ वर. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मी पहिला फोन ऑफिसच्या जिन्यात उभं राहून केला होता. "बोला," एवढंच पलीकडून आलं आणि मी पाच मिनिटं काही बोलू शकलो नाही. त्यांनी फोन ठेवला नाही.

ओसरीताई, तुम्ही मेथीवरून हसलात हे वाचून मला बरं वाटलं. तेवढं लक्ष ठेवा.

---

पारंबी | २६ जुलै, १०.२०

घाटमाथा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

पिंपरीकर_काका | २६ जुलै, दुपारी १२.४०

सर्वांचं वाचलं. सौ.ला मोठ्याने वाचून दाखवलं, तिला चष्मा लागलाय. इचलकरंजीकरांच्या प्रतिसादावर ती म्हणाली, "तुम्ही रविवारी संध्याकाळी सहानंतर बोलत नव्हता. ३४ वर्षं. मुलं त्याला बाबांचा भोंगा म्हणायची."

मला हे माहीत नव्हतं. मुलं असं म्हणायची हेही आज कळलं.

पहिल्या प्रतिसादातलं "मूड ठाऊक नव्हता" हे वाक्य मागे घेतो. शब्द ठाऊक नव्हता, एवढंच खरं. कामात हात घालावा यावर मात्र अजून ठाम आहे. काही दिवस त्यानेच निघतात.

---

कॅश_काउंटर | २६ जुलै, १.००

काका, शब्दाचं म्हणाल तर आपल्याकडे 'करमत नाही' आहे की. किती नेमका शब्द आहे. दुःख नाही, आजार नाही, करमत नाही. आमच्याकडे म्हणतात, "आज करमूनच नाही राह्यलं." त्यावर समोरचा कारण विचारत नाही, "मंग ये ना इकडं" म्हणतो.

---

मांडवीकाठ | २६ जुलै, १.१५

आणि कातरवेळ. हुरहूर. कसंनुसं होणं. यातल्या एकाही शब्दात माणसाचा दोष नाही बघा. 'मूड ऑफ' म्हटलं की वाटतं बटण आपल्याच हातात होतं.

---

उत्तरायण | २६ जुलै, संध्याकाळी ५.३०

स्टॉकहोमहून. इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं घरची आठवण येते म्हणून हे होतंय. रोज आईला फोन करायचे, ती रोज रडायची. कंपनीतली एक सहकारी मला सकाळी जेवणघरातल्या एका पांढऱ्या दिव्यासमोर बसवायला लागली. १०,००० लक्सचा दिवा, सकाळी अर्धा तास, न्याहारी करता करता. दोन आठवड्यांत फरक पडला. आईची आठवण यायची ती येतच राहिली, पण सकाळी उठता यायला लागलं.

ओसरी, तुमच्या टेबलाजवळ खिडकी आहे का? पावसाळी आभाळातही बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कितीतरी पट जास्त असतो. सकाळी दहा मिनिटं तरी बाहेर उभ्या राहा.

---

ओसरी | २६ जुलै, रात्री ९.१५

खिडकी आहे, पण तिच्यापुढे फायलींचं कपाट आहे.

सगळ्यांना काय लिहू? काकांच्या घरचं वाचून मी आणि सासूबाई दोघी गप्प झालो. घाटमाथा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

ठरवलंय असं: रक्त तपासते. आणि पारंबीच्या कॅलेंडरसारखी महिनाभर वही ठेवते. कधी झालं, आधी काय चाललं होतं, काय खाल्लं, किती झोपले. मग येऊन सांगते.

---

चहाबाज | २७ जुलै, ११.००

वहीत चहाचा रकाना विसरू नका. आणि श्रावणात उपास असतील तर साबुदाण्याचाही. एक प्लेट साबुदाणा खिचडी खाऊन दुपारी जागं राहिलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

---

मुक्काम_इचलकरंजी | १९ ऑगस्ट, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. ओसरीताई, वही कुठवर आली?

---

ओसरी | २३ ऑगस्ट, सकाळी १०.५०

आले. उशीर झाला, २० तारखेपर्यंत रिटर्न भरायचं असतं, त्यात होते.

आधी रक्ताचं. हिमोग्लोबिन ११.२, थायरॉइड ठीक, बी१२ १४८. लॅबच्या कागदावर २०० च्या वर हवं असं छापलंय. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत, चार झाली. मुंग्या कमी आहेत. झोपेचं असं केलं की मुलाला सांगितलं, मी अकराला झोपणार. तो म्हणाला, "आई, तू समोर बसतेस म्हणून मी जागतो. मला पण झोप येते." दोघंही एकमेकांसाठी जागत होतो.

आता वहीचं. अठ्ठावीस पानं झाली. पारंबी, पाळीशी थोडा मेळ बसतो, पूर्ण नाही. जेवणाशी नाही. दोन गोष्टी मात्र मला दिसल्या नसत्या.

एक, मला वाटायचं कामाच्या ताणानं होतं. आमच्याकडे १४ तारखेला पोर्टलवर महिन्याची नोंद येते, २० ला भरणा. १४ ते २० नुसती धावपळ, जेवायला तीन वाजतात. त्या आठवड्यात वहीत एकही फुली नाही! आणि जुलैच्या राहिलेल्या दिवसांत, म्हणजे भरणा होऊन गेल्यानंतर, पाच फुल्या. कुणी वाट बघत नसलेलं काम हातात आलं की माझं मन बसतं.

दुसरी गोष्ट लिहायला मला जास्त वेळ लागला. फुल्यांच्या वेळा बघितल्या. ११.३५, ११.२५, ११.४०, ११.३०. डॉक्टर म्हणाले होते ना, ही वेळ घड्याळात बसत नाही. माझ्या घड्याळात बसते. खरेदी विभागात एक ताई होत्या, माझ्या टेबलाला टेबल लागून. अकरा वर्षं. साडेअकराला त्या स्टीलच्या डब्याचं झाकण उघडायच्या, त्याचा टक् असा आवाज यायचा, आणि झाकणात चार शेंगदाणे, गुळाचा खडा माझ्याकडे सरकायचा. बोलणं फार नव्हतंच. कधी त्यांच्या गुडघ्याचं, कधी माझ्या सासूबाईंचं. मेच्या अखेरीला त्या रिटायर झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. मी भाषण केलं आणि सगळे हसले. मला वाईट वाटलं नाही असंच मी धरून चालले होते. रिटायर होणं काही दुःखाची गोष्ट नाही ना.

वहीत वेळा लिहिल्या तेव्हा तो टक् आवाज आठवला आणि मी वही मिटली.

---

अंगतपंगत | २३ ऑगस्ट, १०.५८

ओसरी, डोळ्यांत पाणी आलं गं.

---

पिंपरीकर_काका | २३ ऑगस्ट, ११.०२

त्या ताईंना फोन केलात का?

---

ओसरी | २३ ऑगस्ट, ११.१०

केला काका, मागच्या रविवारी. त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, "अकरा-साडेअकराला काय करतेस गं आता?" त्यांनाही घरी त्याच वेळेला करमत नाही. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जातेय.

सगळं बरं झालं असं मात्र नाही. परवा गुरुवारी पुन्हा बसलं मन. झोप झालेली, इंजेक्शन झालेलं, तारीखही २१. खडूफळाबाईंचं ऐकून बिलं बाजूला ठेवली आणि जुन्या फायलींवर चिठ्ठ्या चिकटवत बसले. तासाभरानं आपोआप उठलं. कशानं ते कळलं नाही.

---

स्टेथो | २३ ऑगस्ट, ११.१५

इंजेक्शनं पूर्ण करा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. लोहासाठी गोळी दिली असेल तर चहाबरोबर घेऊ नका, तासभर मागे-पुढे. शेंगदाणे-गूळ चालू ठेवा, माझ्या सांगण्यावरून.

---

उत्तरायण | २३ ऑगस्ट, ११.२०

आणि ते खिडकीपुढचं कपाट?

---

ओसरी | २३ ऑगस्ट, ११.२७

सरकवलं. शिपायाला आणि स्टोअरमधल्या नव्या मुलीला हाताशी घेतलं. मागे भिंतीवर कपाटाच्या आकाराचा जुना रंग तसाच राहिलाय, पण उजेड टेबलापर्यंत येतो. ती मुलगी मेमधेच लागलीय, एकटी जेवते असं आज कळलं. डब्यात शेंगदाणे टाकून आणलेत. साडेअकरा होत आले, खाली स्टोअरमधे जाऊन येते.